घ्याहोवाडीतलं ‘नको’

एका गावात एक शब्द होता आणि त्या शब्दाचा अर्थ त्या गावात साफ उलटा होता! शब्द कोणता? ‘नको’. तुम्ही-आम्ही नको म्हटलं की समोरचा हात आवरतो. त्या गावात कुणी नको म्हटलं की वाढणाऱ्याला चेव यायचा. “नको म्हणतोय? म्हणजे लाजतोय! घाला आणखी दोन!” आणि पानात दोन लाडू धप्पकन पडायचे. पाहुण्यानं पानावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून कढी ओतायला ती माणसं कमी करत नसत.

गावाचं खरं नाव काहीतरी वेगळंच होतं. पण तिथं पंगतीत सारखं “घ्या हो, घ्या हो” चालायचं, म्हणून आजूबाजूचे लोक त्याला घ्याहोवाडी म्हणायचे. माणसं मात्र लाखमोलाची, बरं का! वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाताला धरून पाटावर बसवतील. त्यांच्या प्रेमाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या हातातल्या वाढायच्या डावाबद्दल. एकदा उचलला की तो खाली ठेवायचं कुणाला सुचतच नसे.

तर या घ्याहोवाडीत झिपरू नावाचा एक जवान गडी राहत होता. दंड मजबूत, छाती भरदार आणि मन लोण्यासारखं मऊ. कुणाचा चेहरा पडलेला त्याला बघवायचा नाही.

गावात वैशाखात देवीची जत्रा भरायची आणि जत्रेचा जीव म्हणजे बारागाड्या. बारागाड्या ठाऊक आहेत ना? बैल सोडून घ्यायचे, गाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यात पोरंसोरं, म्हातारेकोतारे, जागा मिळेल त्यानं चढून बसायचं, आणि पुढं कोण? एकटा माणूस! कमरेला दोर बांधून त्यानं ही सगळी माळ वेशीपासून देवळापर्यंत ओढत न्यायची. अहो, नुसतं सांगतानाही माझ्या अंगावर काटा येतो!

दोराचा मान झिपरूच्या घराण्याकडं होता. आजवर त्याचा बाप ओढायचा, पण आता बापाच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. या वर्षी दोर पहिल्यांदाच झिपरूच्या कमरेला बांधला जाणार होता. आणि नियम मोठा कडक. गाड्या वाटेत थांबल्या आणि ओढणारा खाली बसला, की मान त्या घरातून कायमचा गेला. मग नातवंडांनी-पतवंडांनी कितीही हात जोडले तरी तो परत मिळायचा नाही.

आता घ्याहोवाडीची रीत ऐका. गाड्या ओढणाऱ्यानं पाडव्यापासून जत्रेपर्यंत रोज गावातल्या एकेका घरी जेवायचं. घराघरातल्या अन्नाची ताकद दोरात उतरली पाहिजे, असं गावाचं म्हणणं. रीत मनापासून सुंदर. पण पंगत घ्याहोवाडीतली!

झिपरू आज एका घरी जेवला, उद्या दुसऱ्या. बासुंदी झाली, पुरणपोळी झाली, वड्यांवर वडे झाले, आंबे सुरू झाल्यावर रसाच्या वाट्यांवर वाट्या झाल्या. तो नको म्हणायचा. पण कसं? मान खाली घालून, हसून, कसंनुसं. मग काय, पानात पडायचंच, आणि वाढणारीचा चेहरा पडू नये म्हणून हा गिळायचाच.

शेवटी पोटानं हात टेकले. पोट फुगून डब्ब झालं. आंबट ढेकर सुरू झाले, जिभेवर पांढरा थर आला. पहाटे तांब्या घेऊन जायचा आणि तसाच परत यायचा. सगळ्यात वाईट म्हणजे त्याची भूकच पळाली. सरावासाठी बापानं एकच गाडी बांधून दिली, तर हा पठ्ठ्या चार पावलांत धापा टाकत चाकाला टेकून बसला.

बापाच्या तोंडचं पाणी पळालं. “झिप्र्या, एका गाडीत ही गत, तर जत्रेत काय करशील रे?”

बातमी गावभर झाली आणि गाव प्रेमानं पेटून उठलं! प्रत्येक घरी पोटाचं एक औषध असतंच, नाही का? तुमच्याही घरी असेल. सकाळी एक काकू ओव्याची पुरचुंडी घेऊन आल्या. त्या गेल्या नाहीत तोच एक मामा हिंगाची गोळी घेऊन. मग कुणी सुंठ-गूळ आणला, कुणी हिरडा उगाळून आणला, कुणी एरंडेलाची वाटी आणली. सोनामुखीचा काढा तर दोन घरांतून आला, कारण त्या दोन घरांत चुरस होती.

“मामा, आत्ताच एरंडेल घेतलंय, आता नको,” झिपरू म्हणाला.

“लाजतोय! ओता हो त्याच्या तोंडात!”

“त्या घरचा काढा गोड लागला आणि आमच्याला नाक मुरडतोस होय रे?”

झालं! अन्नाचा आग्रह होता तसा औषधाचा आग्रह झाला. झिपरूनं कुणाचं मन मोडलं नाही, सगळं प्यायला. दुपारपासून पोटात जी काही धुमश्चक्री उडाली म्हणता! पठ्ठ्या ओढ्याकडं जो पळत सुटला, तो दिवसभर झाडांमागून बाहेरच येईना. घरी परतला तेव्हा पाय लटपटत होते आणि डोळे खोल गेले होते. जत्रा अगदी तोंडावर आली होती. आता खरंच पोराच्या हातून दोर जाणार, असं बापाला वाटायला लागलं.

ओढ्यापलीकडं एक वैद्यबुवा राहायचे. हडकुळे, तिरसट आणि कामात एकदम पक्के. आधी जायला हवं होतं तिथं झिपरू शेवटी गेला.

वैद्यबुवांनी नाडी बघितली, जीभ बघितली, पोटावर बोटं वाजवून बघितली. “काय काय घेतलंस?”

झिपरू सांगायला लागला. ऐकता ऐकता वैद्यबुवा उभे होते ते मटकन खाली बसले.

“अरे गाढवा, ते पोट आहे की औषधांची धर्मशाळा? ओवा चांगला, हिरडा चांगला, एरंडेलही चांगलं! पण कुणाला, कधी, किती, हे बघायला नको? सगळी एकदम कोंबलीस. आत बसून ती एकमेकांची उणीदुणी काढत असतील!”

“मग आता त्यांच्यावर कोणतं औषध देता?” झिपरूनं घाबरत विचारलं.

वैद्यबुवांनी सुंठीचा एक लहानसा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. “हा पाण्यात उकळ आणि ते कोमट पाणी घोट घोट पी. तांदळाची पातळ पेज घे, चवीपुरतं मीठ घालून. पोट निवळलं की मऊ भात आणि मुगाचं वरण. खरी भूक लागेपर्यंत बाकी काहीही नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. औषध सोपं आहे रे. पथ्य अवघड आहे.”

“पथ्य कोणतं?”

“नको म्हणायचं.”

झिपरूला हसू फुटलं. “बुवा, ते तर मी रोज म्हणतो!”

“तू म्हणतोस वाढणारीकडं बघून. आता पोटाकडं बघून म्हण. पोटाला तोंड नसतं बाबा, त्याच्या वतीनं बोलणार कोण? तूच ना?”

झिपरूनं मान डोलावली. मग म्हणाला, “पण खरी भूक ओळखायची कशी?”

“लाडू आठवून तोंडाला पाणी सुटतं, ती नुसती जीभ. शिळी भाकरी आठवूनही सुटलं, तर ती भूक. जा आता.”

दारात पोचल्यावर झिपरूला राहवेना. “बुवा, तुम्ही गावात का हो राहत नाही?”

“राहत होतो,” वैद्यबुवा म्हणाले, “पोट बिघडलं.”

झिपरू घरी आला, पेज प्यायला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी जेवणाचा मान पाटलीणकाकूंकडं होता. पाटलीणकाकू म्हणजे आग्रहाच्या महाराणी! त्यांच्या घरून उपाशी कुणी गेला नव्हता, आणि सरळ चालत जाणाराही विरळाच. झिपरू पानावर बसला, नुसती पेज मागितली. काकू हसत हसत श्रीखंडाचं पातेलं घेऊन आल्या.

“नको, काकू.”

“अगं बाई, लाजला!” काकूंनी डाव उचलला.

झिपरूनं दोन्ही हात पानावर धरले. श्रीखंडाचा गोळा थेट त्याच्या मनगटावर पडला. त्यानं मान वर केली, काकूंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, “काकू, लाजत नाही. खरंच नको.”

पंगतीतले हात घासासकट थांबले! खरंच नको? हे काय असतं? असलं नको त्या गावानं कधी ऐकलंच नव्हतं. काकूंचा चेहरा गोरामोरा झाला. त्या पातेलं घेऊन आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्याच नाहीत.

संध्याकाळपर्यंत गावात कुजबुज सुरू झाली. “दोर हातात आला नाही तोच शेफारला!” “आमचं अन्न गोड लागत नाही वाटतं त्याला!” ज्या दारांतून त्याला हाका यायच्या, त्या दारांतून आता नुसत्या नजरा यायच्या. झिपरूला फार लागलं. रस्त्यानं जाताना तो खाली मान घालून चालायचा. पण नको म्हणायचं त्यानं सोडलं नाही, आणि पोट मात्र हळूहळू निवळत होतं, हलकं होत होतं.

खरी परीक्षा आली ती जत्रेच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी त्याची थोरली बहीण, आक्का, सासरहून आली. आई लवकर गेली तेव्हा झिपरूला तिनंच कडेवर वाढवलं होतं. भर उन्हात डोक्यावर टोपली घेऊन ती चालत आली. टोपलीत तिनं पाट्यावर वाटलेल्या पुरणाच्या पोळ्या होत्या आणि तुपाची लोटी होती. घाम पुसायच्या आधी तिनं ताट मांडलं.

“बस माझ्या राजा. उद्या गाड्या ओढायच्यात तुला, पोटभर खा.”

झिपरू तिच्याजवळ बसला. “आक्का, नको गं.”

“लाजतोस कुणाला? बहिणीला?” आक्कानं पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली.

“आक्का, खरंच नको. भूक नाही अजून.”

आक्काचा हात थांबला. “माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!”

घ्याहोवाडीत यापुढचं शस्त्रच नव्हतं! शपथ घातल्यावर माणूस गुपचूप खायचा, मग काहीही होवो. दारात बसलेला बापही म्हणाला, “खा की रे एक पोळी. तिच्या मनासाठी खा.”

एक पोळी! एक पोळी खाल्ली तर आक्का हसेल, बाप हसेल, घर पुन्हा गोड होईल. झिपरूचा हात ताटाकडं गेलासुद्धा. पण पोट आत्ताशी कुठं सावरत होतं. आज ते पुन्हा बिघडलं तर उद्या दोराला काय सांगायचं? त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“आक्का, तुझी पोळी आज खाल्ली तर उद्या तुझ्याच डोळ्यांदेखत मी गाड्यांपुढं कोसळेन. तुझ्यावर माझा जीव आहे म्हणून सांगतो. नको.”

आक्कानं ताट उचललं, आत नेलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. ती रडत होती. झिपरू पेजेची वाटी घेऊन अंगणात बसला, आणि पेज तशीच गार झाली. खरं सांगतो, गाड्या ओढणं त्यापेक्षा सोपं असावं.

आणि जत्रेची सकाळ उजाडली!

झिपरू जागा झाला तो पोटातल्या आवाजानं. गुरगुर! पुन्हा गुरगुर! त्यानं शिळी भाकरी आठवून बघितली आणि तोंडाला असं पाणी सुटलं म्हणता! पोटात नुसते कावळे ओरडत होते. तो अंथरुणातून टुणकन उठला आणि ओरडतच सुटला, “भूक लागली! आक्का, भूक लागली गं! खायला दे!”

आक्का चुलीपुढं गाल फुगवून बसली होती. ती आधी चमकली, मग नुसती बघत राहिली. जन्मभर तिनं माणसांना वाढलं होतं, पण तिच्याकडं कुणी असं मागितलं नव्हतं. मागायच्या आधीच पान भरायची सवय ना! ती ताडकन उठली. मऊ भात केला, मुगाचं वरण केलं, जिऱ्याची चुरचुरीत फोडणी दिली. झिपरू असा जेवला की बघणाऱ्यालाही भूक लागावी.

“बास, आक्का.”

आक्काचा डाव भातासकट हवेत होता. सवय जुनी, प्रेम मोठं आणि डाव भरलेला! झिपरूनं पानावर हात धरला नाही. तो नुसता तिच्याकडं बघत राहिला.

आक्कानं डाव पातेल्यात परत ठेवला.

“बास तर बास,” ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

वेशीवर ढोल कडाडले! गाड्या तुडुंब भरल्या होत्या. एकीत पाटलीणकाकू फुरंगटून बसल्या होत्या, दुसरीकडं बघत. बापानं झिपरूच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि बाजूला झाला.

“देवीच्या नावानं चांगभलं!”

झिपरूनं पाय रोवले. दोर ताणला गेला. पहिलं चाक कुरकुरलं, दुसरं कुरकुरलं आणि हलली की हो सगळी माळ! गुलाल उडाला, पोरं किंचाळली, शिट्ट्या वाजल्या. झिपरू वाघासारखा निघाला. चावडी गेली, पार गेला, बाजार गेला. पुढं दिसायला लागला देवळाचा चढ.

चढावर मऊ माती होती. पहिल्या गाडीचं चाक मातीत रुतलं आणि सगळी माळ जागच्या जागी थांबली.

ढोल थांबले. झिपरूनं जोर लावला. गाडी हलेना. पुन्हा लावला. गुडघे वाकले, हात जमिनीला टेकता टेकता राहिले. “बसतोय! बसतोय!” गर्दीत कुणीतरी ओरडलं. बापानं डोळे गच्च मिटून घेतले. आक्का गाड्यांच्या बाजूनं धावत पुढं आली.

आणि एका गाडीतून आवाज आला, “ओढ रे झिप्र्या! ओढ माझ्या वाघा!” कोण? अहो, पाटलीणकाकू! राग विसरून त्या गाडीत उभ्याच राहिल्या होत्या.

झिपरूनं तोंड मिटलं आणि एक लांब श्वास घेतला. तो श्वास पार पोटापर्यंत गेला. फुगलेल्या पोटात तो मावला असता का? आज जागा होती! श्वास आत भरला, कंबर घट्ट झाली, टाचा मातीत घुसल्या आणि त्यानं सगळं अंग पुढं झोकून दिलं.

चाक हललं. थोडं मागं आलं. पुन्हा हललं. आणि सुटलं!

मग काय विचारता! गाव वेडं झालं. टोप्या उडाल्या, म्हातारे गाड्यांत नाचायला लागले, ढोलकरी चुकीचा ताल वाजवायला लागले आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. झिपरू गाड्या घेऊन थेट देवळाच्या पायरीला जाऊन भिडला. दोर सोडला तो बापानं, आपल्या हातानं, आणि पोराला मिठी मारून हमसाहमशी रडला. मान घरातच राहिला होता!

देवळापुढं प्रसादाची पंगत बसली. झिपरू मधोमध. पाटलीणकाकू लाडवांचं ताट घेऊन आल्या, त्यांच्यामागं अख्खं गाव आपापली पातेली घेऊन आलं. काकूंनी लाडू उचलला. हात सवयीनं पानाकडं गेला. आणि मध्येच थांबला. काकूंना काहीतरी बोलायचं होतं, पण ते वाक्य त्यांच्या तोंडात पूर्वी कधी आलंच नव्हतं.

“झिपरू,” त्या हळूच म्हणाल्या, “भूक आहे का रे तुला?”

घ्याहोवाडीत हा प्रश्न कुणी कुणाला पहिल्यांदाच विचारला होता.

झिपरूचे डोळे भरून आले. “आहे, काकू!” तो मोठ्यानं म्हणाला. “सपाटून लागलीय! वाढा!”

मंडळी, ज्याला तात्पर्य म्हणतात ते मी असं सांगेन: पोटाचं पहिलं औषध म्हणजे पोटाचं ऐकणं. म्हणून प्रेमानं वाढणाऱ्यानं आधी भूक विचारावी, आणि भूक नसेल तर खाणाऱ्यानं न लाजता, प्रेमानंच, खरंखुरं ‘नको’ म्हणावं.